तिरडी न होणारा बांबू

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या घरात कुणी नाकारत नाही. कल्ले उघडून पाहिल्याशिवाय मी बांगडा घेत नाही, आणि पाहून झाल्यावरही कोळणीच्या तोंडाकडे एकदा बघून घेते. शाळेत गणित शिकवत होते तेव्हा कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. निवृत्त झाल्यावर पकडायला मुलं उरली नाहीत, तेव्हा मी शेजाऱ्यापाजाऱ्यांवर आले, असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे माझे यजमान. बांबूचं सगळं प्रकरण त्यांच्यापायीच सुरू झालं.

आमचं घर मिरजोळ्याच्या पुढे एका वाडीत आहे. अंगणाच्या कडेनेच पाखाडी जाते, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, आणि वाडीतलं प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी तिच्यावरून खालीवर करतं. हे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होते. निवृत्ती जवळ आलेली असताना छातीत कळ आली आणि कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, खोलीत कोंडून घेऊ नका, मोकळ्या हवेत बसा, थोडं थोडं चाला. म्हणून मी पडवीत खुर्ची मांडली.

हे खुर्चीत बसले रे बसले की पाखाडीवरून हाक यायची, "काय, बरं वाटतं ना आता?" विचारणारे तोंडाकडे बघत नसत. सदऱ्याच्या उघड्या बटणातून टाके दिसतात का, ते बघत. एक बाई तर पायरीवर थांबून चुकचुकली आणि सोबतिणीला म्हणाली, "कसा हिंडता-फिरता माणूस होता!" माणूस तिच्यासमोर बसून चहा पीत होता. मी आतून ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाहेर येईपर्यंत ती उतरून गेली होती, आणि ह्यांनी कप खाली ठेवला होता. "खुर्ची आत घे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून हे टीव्हीसमोर. चालणं बंद, बोलणं कमी, जेवण नुसतं ताटात चिवडायचं. डॉक्टरांनी वाचवलेला माणूस खोलीत बसून बसून संपणार, अशी मला धास्ती बसली. त्यांना परत बाहेर आणायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

उपाय तसा सोपा होता. पडवी आणि पाखाडीच्या मध्ये काहीतरी हिरवा आडोसा करायचा. बसलेल्या माणसाचं डोकं झाकेल इतकाच उंच, कारण उभं राहिल्यावर समोरचा डोंगर दिसायला हवा. जास्वंद लावावी म्हटलं, तर वाडीतल्या अर्ध्या बायका पहाटे पिशव्या घेऊन पूजेची फुलं तोडायला येणार, आणि फुलं तोडता तोडता पार स्वयंपाकघरापर्यंत नजर पोचवणार. क्रोटन म्हटलं, तर हे म्हणाले, "इस्पितळाच्या दारात होते ते. नको." शेवटी मी वैतागून विचारलं, "मग लावू तरी काय?"

"बांबू लाव," हे म्हणाले. टीव्हीवरून नजर काढून माझ्याकडे बघत म्हणाले. "संगमेश्वरला मामाच्या घरामागे, नदीकाठी बांबूचं बेट होतं. दुपारी नुसती पानं वाजायची. तो आवाज असला तर मी बसेन बाहेर."

कितीतरी दिवसांनी ह्यांनी काहीतरी मागितलं होतं. आणि मागितलं काय, तर बांबू!

आमच्या वाडीत कुणी गेलं की चार जण कोयता घेऊन जवळच्या बेटाकडे जातात. ज्याचं बेट त्याला विचारायचं नसतं, आणि त्यानेही नाही म्हणायचं नसतं. दोन लांब ओले बांबू तोडायचे, त्यांवर आडवे तुकडे बांधायचे, की झाली तिरडी. वाडीचं असं एक बेट आमच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडेच होतं, ह्यांच्या चुलत काकांच्या जागेत. त्या कोयत्याचा आवाज मला स्वयंपाकघरात बसून ओळखू यायचा. त्याच्या आदल्या वर्षी त्या बेटाला फुलोरा आला, भातासारखं बी धरलं, आणि फुलोरा आलेला बांबू मरतो तसं ते सगळंच्या सगळं वाळून गेलं. वाडीत आता ओला बांबू उरला नव्हता. अशा वेळी, छातीवर टाके असलेल्या माणसाच्या दारात, मी आपल्या हाताने बांबू लावायचा? माझा अशा गोष्टींवर विश्वास आहे का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण विश्वास नसला तरी भीती वाटायची ती वाटतेच.

नाही म्हणावं तर हे पुन्हा टीव्हीकडे वळणार. मी रात्रभर विचार केला आणि ठरवलं, बांबू लावायचा, पण तिरडी बांधताच येणार नाही असा. बुटका आणि बोटाएवढा बारीक. बारीक काठीचा आडोसा व्हायचा तर पान रुंद हवं. ह्यांना मात्र एवढंच सांगितलं, "जागा कमी आहे, छोटासा लावू."

पहिल्या नर्सरीवाल्याने माझ्यासमोर काचेच्या बरणीतला लकी बांबू ठेवला. हा बांबूच नाही म्हटल्यावर तो हसला. गिऱ्हाईक फसणार नाही असं दिसलं की काही दुकानदार हसतात तसा. मग त्याने एका कुंडीकडे बोट दाखवलं. पिवळी काठी, तिच्यावर हिरव्या रेघा, उंची माझ्या कमरेएवढी. "मॅडम, याच्या वर जाणार नाही. पाहिजे तर लिहून देतो."

लिहून देतो म्हणणाऱ्यावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही. मी म्हटलं, "ज्याच्यापासून हे रोप केलं ते मोठं झाड दाखवा." तो म्हणाला, ते लांब आहे. मी छत्री घेतली आणि सरळ त्याच्या शेडमागे गेले. तिथे तोच पिवळा बांबू पत्र्याच्या वर गेला होता. काठी माझ्या मनगटापेक्षा जाड. म्हणजे दोन माणसांची सोय झाली असती. "मॅडम, तो जमिनीत आहे. तुम्ही कुंडीतच ठेवा ना," तो म्हणाला. अर्धपोटी ठेवलं तर कुणीही बुटकं राहील. मी त्याला तसं सांगितलं आणि निघाले.

दुसरीकडे एक बांबू खरोखर बुटका होता, पण पान गवताएवढं. त्यातून पलीकडचं सगळं दिसत होतं. आणखी एक पांढऱ्या पट्ट्यांचा होता, दिसायला फार गोड, पण गुडघ्याएवढा. त्याने ह्यांच्या चपला तेवढ्या झाकल्या असत्या.

तिसऱ्या नर्सरीत नवराबायको दोघंच होती. मी मोठं झाड मागताच त्या माणसाने आढेवेढे न घेता मला मागे फणसाखाली नेलं. तिथे बांबूचं जाळं होतं, माझ्या छातीएवढं. काठी पेन्सिलीएवढी आणि पान हातभर लांब, चार बोटं रुंद. हळदीच्या पानाऐवजी यात पातोळ्या वाफवता येतील, असं पहिल्यांदा मनात आलं. तेवढ्यात वारा आला. कडक इस्त्रीची साडी नेसून बाई चालावी तसा आवाज झाला. ह्यांच्या नदीकाठचा आवाज असाच असेल की नाही मला ठाऊक नव्हतं, पण आवाज होता.

मी काठी दोन बोटांत धरली. "किती जाड होईल?"

"एवढीच काकू. जाड हवी असेल तर दुसरा दाखवतो."

"नको, जाड नको. याच्याहून बारीक आहे का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. बारीक बांबू मागणारं गिऱ्हाईक त्याला भेटलं नसावं. मग न विचारता त्याने झाडाचे दोष सांगितले. भर उन्हात पानांच्या कडा करपतात, सावली लागते. आणि मुळं जमिनीखालून पळतात, आज इथे तर पुढच्या वर्षी विहिरीपाशी. दुकानदार स्वतःहून दोष सांगतोय म्हटल्यावर मला आणखीच संशय आला. ह्याला हे गळ्यातलं लोढणं काढून टाकायचंय की काय? मी त्याच्या बायकोला वेगळं गाठून तेच प्रश्न विचारले. उत्तरं तीच आली. कॉपी केलेली उत्तरं मला कळतात, ही तशी नव्हती. मी रोपं घेतली.

आमच्याकडे हातभर मातीखाली कातळ लागतो, म्हणजे मुळांना खाली जायला वाव नव्हताच. बाजूंनी पळू नयेत म्हणून मी जांभ्याचे चिरे उभे पुरून घेतले आणि त्या चौकटीत नवी माती भरली. जमिनीखालून काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून तेव्हापासून मी चिऱ्यांच्या बाहेर काठी टोचून बघायला लागले. सावलीला आमचा फणस होताच. पाऊस सरता सरता पानं अशी भरली, की पाखाडीवरून पडवी दिसेनाशी झाली. एक दिवस दुपारी हे आपणहून उठले, बाहेर आले आणि खुर्चीत बसले.

मी दाराआडून बघत होते. पाखाडीवरून माणसं जात होती, पण हाक आली नाही. थोड्या वेळाने हे स्वतःशीच हसले. नुसत्या चपलांच्या आवाजावरून आणि खोकल्यावरून कोण चाललंय ते ओळखायचा त्यांना नाद लागला. संध्याकाळी अंगणात फेऱ्या घालायला लागले. एकदा ताटातला भात संपवून वर आमटी मागितली, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार, तोच काका यायला लागले. काका म्हणजे तेच, वाळलेल्या बेटाचे मालक. ऐंशीच्या पुढचे, पाठीत वाकलेले. काकी गेल्यापासून एकटेच राहतात, मुलगे मुंबईला. पूर्वी सणासुदीलाच यायचे. आता रोज संध्याकाळी गडगा ओलांडून यायचे आणि पुतण्याशी बोलायच्या आधी बांबूपाशी उभे राहायचे. अंगठा आणि बोट यांचं कडं करून काठीभोवती धरायचे.

"सूनबाय, ह्यो किती जाड व्हयल गो?"

"एवढाच."

"आनी उंच?"

"एवढाच, काका."

ते पानं बाजूला सारून पलीकडे खुर्चीकडे बघायचे, मान हलवायचे आणि जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "मातीचा दोष आसंल. खत घालून बग." माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वाडीत ओला बांबू नाही, आणि हा म्हातारा माझ्या दारात येऊन बांबूची जाडी मोजतो. कुणासाठी? मग एकदा ह्यांना फेऱ्या घालताना बघून त्यांनी विचारलं, "तू माज्यायेवढाच ना रं उंचीला? माजी पाठ वाकायच्या आदीचा?" हे साधेपणाने म्हणाले, "हो काका, आपण सारखेच." मी हातातली परडी खाली ठेवली. आता लांबीसुद्धा मोजून झाली होती.

मी डोळ्यात तेल घालून पहारा ठेवायला लागले. काकांची चाहूल लागली की ह्यांना काहीतरी निमित्ताने आत बोलवायचे. फाटकाला कडी घातली, तर काका गडग्यावरून येत. ऐंशीच्या पुढचा माणूस गडगा चढतो, म्हणजे याचं काम केवढं महत्त्वाचं असेल! मग एका सकाळी मी बाजारातून येत होते आणि पाखाडीच्या वळणावर काका दोघा जणांना सांगताना ऐकू आले, "सूनबायच्या त्या बांबूचा कायएक उपेग नाय. उद्या येळ आली तर बांबू कुठनं आनाल?"

"शहरातनं आणू काका. आता तिरडी तयार मिळते, टेम्पोने येते," त्यांतला एक म्हणाला.

काका काहीतरी पुटपुटले. मी तशीच मासळीची पिशवी घेऊन तरातरा घरी आले. दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. संध्याकाळी ते आले, बांबूपाशी उभे राहिले आणि हात पुढे केला.

"हात लावू नका," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की मीच दचकले. "तुम्ही काय मोजताय ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? माझा माणूस कुठे जात नाहीये. त्याची तिरडी होऊ नये म्हणूनच मी हा बांबू शोधून शोधून आणलाय. हा वाढणार नाही. ऐकलंत? कितीही खत घातलं तरी वाढणार नाही!"

हे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. काकांचा हात तसाच राहिला. मग ते हळूच खाली, चिऱ्याच्या कडेवर बसले.

"त्येच्यासाटी नाय गो," ते म्हणाले. "माज्यासाटी इचारतंय."

मीही शेजारच्या चिऱ्यावर टेकले.

"आमचं बेट माज्या बापसानं लावलेलं. बापूस त्येच्यावरनंच ग्येला. तुजी काकी ग्येली. मना वाटायचं, मी पन तसाच जायन. तर बेट सुकलं. खालच्या वाडीत येक म्हातारा ग्येला, तर त्येची तिरडी टेम्पोतनं आनली, पिलॅस्टिकात गुंडाळलेली. कुठचा बांबू, कुनी तोडला, कायएक ठाव नाय." त्यांनी एक पान हातात धरलं आणि सोडलं. "पोरगे मुंबयला. ते येतील तवा येतील. निदान बांबू तरी वाडीतला आसू दे."

पाठ वाकायच्या आधीची उंची ते का विचारत होते, ते मला तेव्हा कळलं. तिरडीवर सरळ होतो ना माणूस. मला खूप वाईट वाटलं, आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखंही वाटलं. त्यांनी मोजलेला माणूस माझा नव्हता.

तेवढ्यात पानांमागून आवाज आला. "काका, घरामागे जागा आहे आपली. माणगा बांबू लावू या. भरीव होतो, सरळ जातो."

हे खुर्चीतच होते. मी त्यांना हाक मारून आत धाडायला विसरले होते, आणि माझाच आडोसा इतका दाट झाला होता की मला ते दिसले नव्हते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. बांबू बारीक का, तेही.

"तुम्ही ऐकत होतात?" मी विचारलं.

"एवढा बारीक बांबू शोधायला तू तीन नर्सऱ्या उगाच पालथ्या घालणार नाहीस, हे मला तेव्हाच कळलं होतं," हे म्हणाले. "मला आवडला. म्हणून बोललो नाही."

माझ्या जिभेवर 'नको' आलं होतं. एवढा आटापिटा करून जे दारात येऊ दिलं नाही, ते घरामागे लावायचं? माणगा तयार झाला की वाडीतली माणसं कोयता घेऊन येणार, आणि कुणासाठी येणार ते कुणी सांगावं? पण काका माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात काही मोजमाप नव्हतं.

"लावा," मी म्हटलं. "पण तुमच्या हाताने लावायचा. आणि पाणीही तुम्हीच घालायचं. मी त्याला तांब्याभर पाणी देणार नाही."

पावसाच्या सुरुवातीला काकांनी माणग्याचा कंद आणून घरामागे लावला. ह्यांना मी कुदळीला हात लावू दिला नाही. तोडण्याजोगा व्हायला चार-पाच वर्षं तरी लागतील, असं ह्यांनी सांगितलं, तेव्हा काका विचारात पडले. "म्हंजे तंवर मना थांबायला हवं."

"थांबा की," मी म्हटलं. "घाई कुणाला आहे?"

पाऊस थांबला तसे ते रोज संध्याकाळी येऊ लागले. मी फाटकाची कडी काढून ठेवली. विहिरीवरून कळशी भरून नेतात, माणग्याला घालतात आणि मग पुढे येऊन ह्यांच्याशेजारी बसतात. मी दुसरी खुर्ची मांडली आहे. रुंद पानांमागे बसून दोघं पाखाडीवरून कोण गेलं ते चपलांच्या आवाजावरून ओळखतात आणि त्यावरून भांडतात. वारा असला की पानांचा आवाज ऐकत बसतात. काकांचा चहा मी न विचारता टाकते. माझा स्वभाव बदललेला नाही. पुढचा बुटका बांबू चिऱ्यांबाहेर पळत नाही ना, ते मी अजून काठी टोचून बघते, आणि मागच्या माणग्यावरही माझी नजर असते.

यंदा माणग्याला पहिला दमदार कोंब आला. काकांनी मला हाक मारून दाखवला. अंगठा आणि बोटाचं कडं त्याच्याभोवती धरलं आणि म्हणाले, "बारीक हाय अजून. पन जोर धरील. शेनखत घाल गो दोन घमेली."

"घालते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "घातलंस?"

"घातलं," मी म्हटलं. काका समाधानाने मान हलवून कळशी घ्यायला वळले. त्यांचा माझ्या शब्दावर पूर्ण विश्वास आहे.

शेणखताचं पोतं मागच्या पडवीत आहे. त्याचं तोंड मी अजून सोडलेलं नाही.